अज्ञात अडथळा

"डोळे मिटा! यंत्र जागं होतंय!"

नाडीगुरूंनी असं म्हणताच तपासणी केंद्राच्या त्या लांबट हॉलमधल्या सगळ्यांनी डोळे मिटले. रक्त द्यायला उपाशीपोटी आलेले पेशंट, त्यांना धरून आणणारे नातेवाईक, एक्स-रे काढणारा, नमुने घेणाऱ्या मुली, हिशेबनीस काका, सफाईवाल्या मावशी आणि केंद्राच्या मालकीण असलेल्या खुद्द डॉक्टरबाईसुद्धा. ज्यांना खुर्ची मिळाली नव्हती ते भिंतीला टेकून उभे होते. एक आजोबा कापसाचा बोळा दंडावर दाबून, डोळे घट्ट मिटून उभे होते. आपण डोळे कशासाठी मिटलेत हे त्यांना ठाऊक नसावं. सगळे मिटतात म्हणून त्यांनीही मिटले होते.

मी मिटले नाहीत. मला कंपनीने बघायलाच पाठवलं होतं.

हॉलच्या टोकाला काचेची खोली होती आणि तिच्यात केंद्राचा सर्व्हर. नाडीगुरू त्याच्यासमोर उभे होते. अंगात पांढरेशुभ्र कपडे, पायांत नुसते मोजे. मनगट धरून ठोके मोजावेत तशी दोन बोटं त्यांनी सर्व्हरच्या पत्र्यावर टेकवली होती.

"यंत्राला मन नसतं असं कोण म्हणतं?" ते हॉलकडे वळून म्हणाले. "तुम्ही त्याच्यासमोर भांडता. चिडता. कीबोर्ड आपटता. ते सगळं कुठे जातं? त्याच्या पोटात जातं! मग एक दिवस ते अडतं. आणि अडल्यावर काय म्हणतं? काका, सांगा."

हिशेबनीस काकांनी मिटल्या डोळ्यांनीच पाठ म्हणून दाखवलं, "अज्ञात अडथळा. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"बघा! यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगतंय. अडथळा आहे, आणि तो अज्ञात आहे. म्हणजे तुमच्या डोळ्यांना न दिसणारा. मला दिसतो." त्यांनी आवाज खाली आणला. "तो वास्तूबाहेर गेला ना?"

"गेल्या. मघाशीच गेल्या," काका म्हणाले.

अडथळा 'गेल्या' कसा, याचा उलगडा मला खिडकीतून झाला. रस्त्यापलीकडे, औषधाच्या दुकानाशेजारच्या बाकावर, एक पन्नाशीची बाई मांडीवर पर्स घेऊन बसली होती. ती केंद्राकडे बघत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे बघत होती, पण तिला त्याही दिसत असतील असं वाटलं नाही.

आत सर्व्हरच्या पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर आली, थोडी रेंगाळली, पुढे गेली. "अपग्रेड पूर्ण झाले," अशी ओळ उमटली आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. एका पेशंटबाईंनी लगबगीने पुढे होऊन आपला रिपोर्ट नाडीगुरूंसमोर धरला. "याच्यावरही हात ठेवा." कागदावरची साखर उतरली की अंगातलीही उतरेल, अशी त्यांची कल्पना असावी. नाडीगुरूंनी हात ठेवला. ते कुणालाच नाही म्हणत नसत.

आता मी तिथे काय करत होते ते सांगते. आमची कंपनी दवाखान्यांसाठी आणि तपासणी केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. काउंटरवर पेशंटचं नाव लिहिलं की ते प्रयोगशाळेत दिसतं, प्रयोगशाळेत आकडे भरले की डॉक्टरांना दिसतात, त्याच वेळी तिकडे बिल होतं. सगळी माहिती एका ठिकाणी, सर्व्हरवर, साठवलेली आणि सगळे तिच्यावर एकदम काम करताहेत, असा प्रकार. तो रोज बिनबोभाट चालतो. रडारड सुरू होते ती नवी आवृत्ती, म्हणजे अपग्रेड, आल्यावर. ग्राहकाने ती स्वतः चढवायची असते, म्हणजे आमच्या माहितीपत्रकात तसं म्हटलेलं असतं. प्रत्यक्षात ग्राहक बटण दाबतो, ते अडतं, तो आम्हाला फोन करतो, आणि मी बॅगेत चार्जर, एक जादा कुर्ता आणि पित्ताच्या गोळ्या टाकून निघते. इतकी वर्षं हेच. घरी नवरा आता "कुठे चाललीस" असं विचारत नाही, "कधी येशील" तेवढंच विचारतो.

या केंद्रातून मात्र कधीच फोन येत नसे. साहेबांना त्याचं फार कौतुक. "तिथे जा आणि बघा, ते काय वेगळं करतात," ते म्हणाले होते. "शिकून या जरा."

तर मी शिकायला आले होते.

गर्दी पांगल्यावर ती बाकावरची बाई आत आली. दाराजवळच्या काउंटरवर बसली, टेबलाखाली वाकून तिने बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, आणि तिने काही न करताच तिच्या डोक्यावरच्या भिंतीवरचा मोठा फलकही उजळला. लाल आकड्यांत टोकन क्रमांक. पेशंट त्या फलकाकडे बघून आपली पाळी ओळखत. टोकन तीच देत असे, म्हणून सगळे तिला टोकनताई म्हणत.

चहा आला तेव्हा सगळे काकांच्या टेबलाभोवती जमले. टोकनताईंचा कप तिच्या काउंटरवर नेऊन ठेवला गेला. सवयीनेच झालं ते. मी माझा कप घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तुम्ही नव्या आहात, म्हणून," ती म्हणाली. "नंतर तुम्हीही तिकडे बसाल."

"मी कंपनीची आहे. मी कुठेच बसत नाही, नुसती फिरते. तुम्हाला बाहेर का पाठवतात?"

तिने सांगितलं ते असं. पूर्वी इथेही अपग्रेड अडायचं. मग कुणीतरी नाडीगुरूंचं नाव सुचवलं. ते आले, त्यांनी सगळ्यांना काम बंद करून हॉलमध्ये उभं केलं, सर्व्हरवर बोटं ठेवली. तरीही अडलं. अज्ञात अडथळा. तेव्हा ते उठले, तळहात पुढे धरून सगळ्या टेबलांसमोरून फिरले आणि टोकनताईंच्या काउंटरपाशी थांबले. "इथे कोण बसतं? ही व्यक्ती वास्तूत असेपर्यंत काम होणार नाही." तिला घरी पाठवलं, आणि काम झालं.

"पहिल्यांदा मला हसू आलं होतं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं. मी आत असताना अडलं, बाहेर गेले, झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. मग लिफ्ट अडकली तेव्हा लोक माझ्याकडे बघायला लागले. एका पेशंटचा नमुना हरवला, तो माझ्या काउंटरवरून गेला होता. तसे सगळेच नमुने माझ्या काउंटरवरून जातात. पण असं कोण म्हणणार?"

"तुम्ही म्हणा."

"मॅडम, तीन वेळा एकच गोष्ट घडली की माणूस म्हणेनासा होतो." तिने कप खाली ठेवला. "माझ्या मुलीला मुलगी झालीय. मी लांबूनच बघते. कंबर दुखते म्हणून सांगितलंय तिला. तान्ही मुलगी आहे, उगाच माझा हात लागून काही झालं तर?"

मला त्या क्षणी नाडीगुरूंचा राग आला नाही, एवढी मी दमले होते. राग नंतर आला.

मी फलकाकडे बघत होते. "ताई, बाहेर जाताना तुम्ही कॉम्प्युटर बंद करून जाता?"

"हो. बटणापासून. जागा सोडली की वीज बंद, हा डॉक्टरबाईंचा नियम आहे."

"आणि बाकीचे?"

"ते कुठे जागा सोडतात? ते फक्त प्रोग्राम बंद करून हॉलमध्ये उभे राहतात. गुरुजी म्हणतात, यंत्रं चालू राहू देत."

"तुम्ही आत होतात तेव्हा तुम्हीही प्रोग्रामच बंद केला होता? कॉम्प्युटर चालू? आणि हा वरचा फलक?"

"तो कॉम्प्युटरबरोबर आपोआपच लागतो. त्याला मी कधी हातही लावत नाही."

झालं. मला कळलं. कळायला फार हुशारी लागत नव्हती, फक्त तिच्या शेजारी बसून चहा घ्यावा लागत होता.

खोलीतली फरशी बदलायची तर खोलीत कुणी उभं असून चालत नाही. एक जण जरी उभा असला तरी गवंड्याला थांबावं लागतं. अपग्रेडचंही तसंच. साठवलेल्या माहितीची मांडणीच बदलायची असते, म्हणून त्या वेळी तिच्याशी कुणीही जोडलेलं असता कामा नये. नाडीगुरू सगळ्यांना हॉलमध्ये उभं करत तेव्हा सगळे नकळत बाहेर पडत. राहायचा तो फलक. तो टोकनताईंच्या कॉम्प्युटरवरून, कुणाच्याही नकळत, पुढचा क्रमांक कोणता हे सर्व्हरला सतत विचारत राहायचा. तो खोलीत उभा होता. आणि टोकनताई बाहेर जाताना बटण बंद करायच्या, त्याबरोबर तोही बाहेर पडायचा.

मी हे सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही मनाने चांगल्या आहात मॅडम," ती म्हणाली, "म्हणून असं सांगताय." आणि पुढच्या पेशंटला टोकन दिलं.

ऑफिसात परतल्यावर मी साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, आपलं अपग्रेड अडतं तेव्हा ते कुणामुळे अडलं हे त्याला ठाऊक असतं. कोणता कॉम्प्युटर, कोणता प्रोग्राम, सगळं. तरी आपण ग्राहकाला फक्त 'अज्ञात अडथळा' एवढंच सांगतो. ते बदलू या. कोण जोडलेलं आहे ते पडद्यावर दाखवू या.

"ग्राहकाला एवढा तपशील दिला की तो घाबरतो," साहेब म्हणाले.

"आता घाबरत नाही. गुरू बोलावतो."

"मग चांगलंच आहे की! तो माणूस आपलं काम फुकटात करतोय. तुमचा प्रवास वाचतो." साहेब खुर्चीत मागे रेलले. "खरं सांगू, मी विचार करतोय, बाकीच्या ग्राहकांनाही त्याचा नंबर द्यावा का."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. नव्हते करत.

"साहेब, त्यापायी एका बाईला वाळीत टाकलंय तिथे."

"वाईट वाटतं हो. पण तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे. पुढच्या आवृत्तीनंतर बघू."

पुढच्या आवृत्तीनंतर बघू, हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आले आहे. आवृत्त्या येतात, बघणं राहून जातं.

पुढची आवृत्ती तयार झाली तेव्हा केंद्रातून काकांचा फोन आला. आवाज जरा ओशाळा होता. "मॅडम, कंपनीला काही कळवायला लागतं का, कुणाचं लॉगिन काढून टाकायचं असेल तर? टोकनताईंना आता कमी करायचं ठरतंय. दर वेळी बाहेर पाठवण्यापेक्षा एकदाच. डॉक्टरबाईंच्या मनात नाहीय, पण स्टाफच ऐकत नाही. गुरुजींनीही तेच सुचवलं."

"अपग्रेड कधी आहे?"

त्यांनी सांगितलं. मी बॅग भरली. या वेळी साहेबांना विचारलं नाही.

डॉक्टरबाई केबिनमध्ये एकट्या होत्या. त्यांच्याशी मी सॉफ्टवेअरबद्दल बोललेच नाही. विचारलं, "पेशंटला तुम्ही नवं औषध दिलंत आणि त्याच दिवशी त्याने दारूही सोडली, आणि तो बरा झाला. कशामुळे झाला?"

"कसं सांगणार? दोन्ही एकदम बदललं. तुम्हाला काय म्हणायचंय?"

"टोकनताई बाहेर गेल्या की त्यांचा कॉम्प्युटरही बंद होतो. दोन्ही एकदम बदलतं. आज एकेक बदलून बघू या. अपग्रेडच्या आधी तयारीची एक पायरी असते. ती कितीही वेळा करून बघता येते, माहितीला धक्का लागत नाही. मला फक्त थोडा वेळ द्या, आणि सगळ्यांसमोर द्या."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मला सुचायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे."

हॉल नेहमीसारखाच भरला होता. नाडीगुरू आले, त्यांनी बूट काढले, मला बघून हसले. "कंपनीच्या ताई! या, या. विज्ञानालाही आमची गरज पडते म्हणायची."

"पडते ना," मी म्हटलं. "आज तुम्हीच सांगा, अडथळा कोण?"

त्यांनी तळहाताने काउंटरकडे निर्देश केला. टोकनताईंनी पर्स उचलली आणि सवयीने दाराकडे निघाल्या.

"ताई, थांबा. तुम्ही काचेच्या खोलीत या."

हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. नमुने घेणारी एक मुलगी मागे सरकली. टोकनताई जागच्या हलेनात. मी हाताला धरून त्यांना आत नेलं. "ठेवा सर्व्हरवर. दोन्ही हात ठेवा." त्यांनी ठेवले. तापलेल्या तव्यावर ठेवावेत तसे, टेकवले न टेकवले. तोवर काकांनी, मी सांगितल्याप्रमाणे, टोकनताईंचा कॉम्प्युटर बटणापासून बंद केला होता. बाकीच्यांनी आपापले प्रोग्राम बंद केले. मी तयारीची पायरी सुरू केली.

हिरवी पट्टी सरकली आणि पूर्ण झाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नाडीगुरूंकडे बघू लागले.

"माझ्या उपस्थितीमुळे," ते म्हणाले. "मी असल्यावर अडथळा दबून राहतो."

"अस्सं. म्हणजे त्या इथे असून तुम्ही त्यांना दाबलंत. मग त्या लांब गेल्यावर तर प्रश्नच नाही." मी टोकनताईंना म्हटलं, "आता तुम्ही रस्त्यापलीकडे जा. त्या बाकाच्याही पुढे, कोपऱ्यापर्यंत." त्या गेल्या. खिडकीतून सगळ्यांनी त्यांना जाताना पाहिलं. मग मी काकांना टोकनताईंचा कॉम्प्युटर चालू करायला लावला. भिंतीवर फलक उजळला. "गुरुजी, ठेवा बोटं."

त्यांनी बोटं ठेवली. "डोळे मिटा," ते म्हणाले, पण या वेळी अर्ध्या लोकांनी मिटलेच नाहीत.

पट्टी जरा सरकली आणि थांबली. अज्ञात अडथळा. कृपया पुन्हा प्रयत्न करा.

"त्यांची लहर मागे रेंगाळते," नाडीगुरू म्हणाले. "इतकी वर्षं बसलेली व्यक्ती! भिंतींत मुरलेलं असतं."

"मघाशी नव्हतं मुरलेलं?" एक्स-रेवाला बोलून गेला. लोक हसले. बेतानेच, पण हसले.

मी टोकनताईंना आत बोलावून घेतलं आणि त्यांचा कॉम्प्युटर बंद केला. मग मी सांगितलं, की हा फलकाचा प्रोग्राम आज सकाळी मी आणखी तीन कॉम्प्युटरवर घालून ठेवलाय: काकांच्या, एक्स-रेवाल्याच्या आणि डॉक्टरबाईंच्या. आता दारं लावून त्यांतल्या एकावर मी तो चालू करते. सगळी माणसं इथेच हॉलमध्ये आहेत. गुरुजींनी फक्त तळहात फिरवून सांगायचं, अडथळा कोण.

मी आत गेले, एके ठिकाणी प्रोग्राम चालू केला, सगळी दारं ओढून घेतली आणि परत आले. नाडीगुरूंच्या कपाळावर घाम होता. तरी त्यांनी फेरी मारली. काकांसमोर रेंगाळले. डॉक्टरबाईंसमोरून झटकन पुढे गेले. एक्स-रेवाला अजून गालात हसत होता, त्याच्यासमोर थांबले.

"हा."

आम्ही एक्स-रेवाल्याचा कॉम्प्युटर बंद केला. तयारीची पायरी अडली. काकांचा बंद केला. अडली. मग डॉक्टरबाई स्वतः उठून केबिनमध्ये गेल्या, बटण बंद करून परत आल्या. हिरवी पट्टी सरळ शेवटपर्यंत गेली.

मग मागून एका पेशंटबाईंचा आवाज आला, "मग आता डॉक्टरबाईंनी जाऊन बाकावर बसायचं का?"

तेव्हा मात्र हॉल मोकळेपणाने हसला. सगळ्यांत आधी डॉक्टरबाई हसल्या, आणि सगळ्यांत आधी त्याच थांबल्या. त्या टोकनताईंसमोर गेल्या. "तुम्हाला मी बाहेर पाठवलं," त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कुणीही सांगितलं असेल, पाठवलं मी. चूक झाली. तुमच्यात काही नव्हतं आणि नाही. तुम्ही कुठेही जाणार नाही आहात."

टोकनताईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. "पेशंट उपाशी आहेत," त्या म्हणाल्या. "अपग्रेड करायचं ते करा, मग मला फलक चालू करू द्या."

नाडीगुरू पॅसेजमध्ये बूट घालत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"सगळ्यांना बाहेर काढावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"होतं," त्यांनी सरळ कबूल केलं. "मी पूर्वी दवाखान्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. तुमचंच सॉफ्टवेअर होतं एका ठिकाणी. सगळे उठून गेले की ते चालतं, हे तिथेच कळलं. तेव्हा मी लोकांना खरं सांगायचो, ताई. कुणी ऐकायचं नाही. 'आम्ही कामात आहोत, नंतर या' म्हणायचे. बोटं टेकवून डोळे मिटायला सांगितलं, की मुकाट उठतात."

"आणि फलक?"

"तो आज तुमच्याकडून कळला."

"मग त्या दिवशी तुम्ही त्यांच्यासमोरच का थांबलात?"

ते बुटाची नाडी बांधत राहिले. "सगळे हॉलमध्ये आले होते, ती शेवटी आली. पेशंटला टोकन देत बसली होती. अडलं तर कुणाकडे तरी बोट दाखवायलाच लागतं. ती बाहेर गेली आणि काम झालं. मलाही नवल वाटलं." मग वर बघून म्हणाले, "तुमचं यंत्र म्हणतं अज्ञात अडथळा. मी निदान नाव तरी देतो."

ते गेले. शेवटचं वाक्य सोडलं तर तो माणूस खोटारडा होता, आणि शेवटचं वाक्य आमच्या कंपनीला लागू होतं.

डॉक्टरबाईंनी साहेबांना फोन केला. काय बोलल्या ते मला माहीत नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा त्यांचे कान लाल होते. "ते तुम्ही म्हणत होतात ना," ते म्हणाले, "ते घ्या करायला."

ते काम झालं. त्यात कसलीही करामत नव्हती. आता आमचं अपग्रेड आधी सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवतं. मग कोण कोण जोडलेलं आहे ते सरळ दाखवतं: 'काउंटरच्या कॉम्प्युटरवर रांगेचा फलक चालू आहे. तो बंद करू का?' हो म्हटलं की स्वतःच बंद करतं. कुणी अर्धवट काम करत बसलं असेल तर त्याच्या पडद्यावर विनंती जाते आणि तो उठेपर्यंत वाट बघितली जाते. मध्येच काही बिघडलं तर सगळं पूर्वीसारखं होतं, आणि काय बिघडलं ते साध्या भाषेत लिहून येतं. 'अज्ञात' हा शब्द मी सगळीकडून काढून टाकला. ते वाक्य पूर्वी कुणी लिहिलं होतं ते आता ऑफिसात कुणालाच आठवत नाही.

टोकनताईंशी मध्ये फोनवर बोलणं झालं. नातीला मांडीवर घेतात. "अंघोळ घालायला अजून धीर होत नाही," त्या म्हणाल्या. "कळतंय सगळं, मॅडम. पण हात उचलताना मन आधी विचारतं." चहा आता सगळ्यांबरोबर घेतात, पण ज्यांनी कप वेगळा ठेवला तेच आता हसून खुर्ची पुढे सरकवतात, ते त्यांना जड जातं म्हणे.

आणि काका! सगळं डोळ्यांदेखत बघून, स्वतःच्या हाताने बटणं चालूबंद करून, त्यांनी परवा मला फोन करून विचारलं, "मॅडम, यंत्राचं पटलं. पण माझ्या गुडघ्यांसाठी गुरुजींना एकदा दाखवायला काय हरकत आहे?"

मी काय सांगणार? जे हॉलमध्ये केलं तेच सांगितलं. काका, गुडघा दुखायचा थांबला तर त्या दिवशी आणखी काय काय बदललं होतं ते बघा. औषध चालू होतं का, जिने चढायचे थांबला होतात का. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि जो कोणी तुम्हाला सांगेल की तुमच्या दुखण्याचं कारण म्हणजे अमुक एक माणूस, त्याला म्हणा, त्या माणसाला इथे आणून बसवतो आणि तुम्ही डोळे बांधून ओळखा. नुसतं एवढं म्हणा. यासाठी शिक्षण लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. चारचौघांत उभं राहून "करून बघू या" म्हणायची लाज तेवढी सोडावी लागते.

जे यंत्रं बनवतात त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. तुमची वस्तू अडली तर ती का अडली ते तिनेच सांगितलं पाहिजे, समोरच्याला समजेल अशा शब्दांत. तुम्ही जिथे कारण सांगत नाही, तिथे दुसरं कुणीतरी येऊन सांगतं. आणि त्याने सांगितलेलं कारण बहुतेक वेळा एखादी गरीब बाई असते, जी शेवटी आली, कारण ती काम करत होती.

काका म्हणाले, "बरं, बघतो. पण डोळे बांधायला गुरुजी तयार होतील का?"

"तेच त्यांना विचारा," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.